गुडघा दुखतोय, बीपीची गोळी चालू आहे आणि समोर २७ हजारांचं पॅकेज आहे, तर पर्सनल ट्रेनर कसा निवडायचा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी मला काय समजलं ते लिहिते म्हणजे काही चुकलं असेल तर सांगा. वय ४६, राहायला कोपरखैरणे, नोकरी ठाण्यात बँकेत. वजन ७४, झोप नीट होत नाही. सहा महिन्यांपासून टेल्मिसार्टन ४० चालू आहे, बीपी आता कंट्रोलमध्ये. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्सरे बघून झीज फार नाही, वजन कमी करा आणि मांडीचे स्नायू मजबूत करा असं सांगितलंय. घराजवळच्या जिमने ३६ सेशनचं पीटी म्हणजे पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज सांगितलंय, २७ हजार, व्हॅलिडिटी ३ महिने. ट्रेनर दोन, एक १२ वर्षांचा अनुभव असलेले, बॉडीबिल्डिंगची मेडल्स भिंतीवर लावलेली, २ महिन्यांत १२ किलो उतरवून देतो म्हणाले. दुसरी २ वर्षं अनुभवाची मुलगी, तिने वजनाचं काहीच प्रॉमिस केलं नाही पण तुमचे रिपोर्ट मागितले. आणि तुम्ही विचारताय की यातलं कोण घेऊ, सर्टिफिकेटचं काय बघू, आणि मुळात एवढे पैसे घालायचे का.

मी १७ वर्षं हेच काम करतेय, पहिली ७ वर्षं जिमच्या फ्लोअरवर आणि नंतर स्वतःचे क्लायंट, बहुतेक ठाण्यातले आणि काही ऐरोली-घणसोली पट्ट्यातले. यातल्या निम्म्याहून जास्त बायका चाळिशीच्या पुढच्या आहेत आणि जवळपास सगळ्यांचं काही ना काही दुखणं आहे, म्हणून तुमचा प्रश्न मला अगदी रोजचा वाटला.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न दोघांत भारी कोण हा नाहीचे. तुम्ही संध्याकाळी सातला ठाण्याहून लोकलने उभ्या येणार, गुडघा कधी बरा कधी वाईट, झोप झाली असेल किंवा नसेल, अशा अवस्थेत आलेल्या बाईकडे बघून आपला ठरलेला प्लॅन जागच्या जागी बदलणारा माणूस कोणता, हे तुम्हाला शोधायचंय. तुमचं वय २५ असतं आणि स्टेजवर उतरायचं असतं तर मी डोळे झाकून मेडलवाल्या सरांचं नाव घेतलं असतं. काही दुखणं नसतं तर चार सेशन घेऊन मशीन वापरायला शिका आणि पुढचं स्वतः करा, पीटीची गरज नाही, असंही सांगितलं असतं. तुमच्या बाबतीत ट्रेनर हवा असं मला वाटतं, पण तो किती दिवस हवा हे वेगळं, त्यावर खाली येते.

आधी माझी एक चूक सांगते कारण मी माणसं जोखायला तिथून शिकले. नवीन होते, एका जिममध्ये, महिन्याला किती पॅकेज विकली याचं टार्गेट असायचं आणि सगळ्या नवीन मेंबरला पहिल्या दिवशी एकच छापील प्रोग्रॅम, त्यात लंजचे, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवत खाली जायच्या व्यायामाचे, तीन सेट. एक काका आले, ५८ वर्षांचे, नुकतेच रिटायर झालेले, खूप उत्साही. मी त्यांना काही विचारलंच नाही, म्हणजे नाव, वय, वजन, गोल एवढंच, आणि लंज करायला लावले. ते पण बिचारे नाही म्हणाले नाहीत, दात ओठ खाऊन पूर्ण केले. पुढचे चार दिवस आले नाहीत. फोन केला तर काकू म्हणाल्या की गुडघा सुजलाय, आठ वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्यातल्या गादीचं ऑपरेशन झालं होतं तुम्हाला सांगितलं नाही का. त्यांनी नव्हतं सांगितलं, पण विचारायचं काम माझं होतं. ते परत कधीच आले नाहीत आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या दिवसापासून नवीन माणसाची पहिली १५-२० मिनिटं मी फक्त बोलण्यात घालवते, वजनाला हातसुद्धा लावू देत नाही.

म्हणून पहिली परीक्षा हीच, की समोरचा काय विचारतो. जगभर यासाठी पार-क्यू प्लस नावाचा एक फॉर्म वापरतात, पहिल्या पानावर ७ प्रश्न असतात, हृदयाचा त्रास किंवा बीपी आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येऊन तोल जातो का, कुठल्या आजारासाठी गोळ्या चालू आहेत का, हाडाचं सांध्याचं काही आहे का, अशा प्रकारचे. फॉर्म बऱ्याच जिममध्ये असतो पण तो काउंटरवर सही करून फाईलला लागतो, ट्रेनरने तो वाचलेलाच नसतो. तुम्ही ट्रेनरला सरळ विचारा की माझा फॉर्म वाचलात का. आणि नुसतं गोळी चालू आहे का एवढ्यावर जो थांबत नाही, कुठली गोळी असं विचारतो, त्याच्याबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं. कारण फरक पडतो. बीटा ब्लॉकर म्हणजे मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल वगैरे असेल तर नाडी फारशी वाढत नाही, मग २२० वजा वय करून काढलेला हार्ट रेट गाठायला ट्रेडमिलवर पळवत राहिलं तर माणूस दमून पडेल तरी आकडा येणार नाही. तुमच्या टेल्मिसार्टनचं तसं नाहीये, पण बीपीची गोळी घेणाऱ्याने व्यायाम संपल्यावर एकदम थांबलं की चक्कर येऊ शकते, म्हणून शेवटची ५-७ मिनिटं हळू चालत खाली यायचं. वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, त्याने बीपी क्षणभर खूप चढतं, जोर लावताना श्वास सोडायचा. आणि बसल्या जागी बीपी वरचं २०० किंवा खालचं ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टर. हे तीन-चार मुद्दे बीपीचा क्लायंट घेणाऱ्या कुठल्याही ट्रेनरला झोपेतून उठवून विचारलं तरी आले पाहिजेत.

याच्याच जोडीला एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. गुडघा दुखला की जिममध्ये कुणीतरी पटकन पेनकिलर सुचवतो. टेल्मिसार्टनसारख्या गोळीबरोबर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक जातीच्या पेनकिलर नियमित घेतल्या तर बीपी वर जाऊ शकतं आणि किडनीवर ताण येऊ शकतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. तसंच प्री-वर्कआउट म्हणून विकतात त्या पावडरींत कॅफिन भरपूर असतं, बीपीवाल्यांनी त्यापासून लांबच राहावं. आणि कुठलाही ट्रेनर वजन उतरलं की गोळी बंद करा म्हणाला तर त्याच दिवशी त्याला सोडा, यात दुसरं मत नाही. गोळी कमी होऊ शकते, माझ्या कितीतरी क्लायंटची झालीय, पण प्रत्येक वेळी त्यांच्या डॉक्टरांनी मोजून केलीय.

आता दुसरी परीक्षा, आणि यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळं इथेच कळतं. ट्रायल सेशन मागा. बहुतेक जिम एक फुकट देतात, नसेल देत तर एका सेशनचे पैसे भरून घ्या, २७ हजारांपुढे ते काहीच नाहीत. जायचं तर तुम्ही नेहमी जाणार त्याच वेळेला, म्हणजे सात वाजता जा, दुपारी तीनला रिकाम्या जिममध्ये नको. अर्धा तास आधी पोचा आणि सायकलवर हळू पेडल मारत बसून बघा. तो ट्रेनर फ्लोअरवरच्या सगळ्यात कमजोर माणसाशी कसा वागतोय, एखादे आजोबा किंवा पहिल्या आठवड्यातली घाबरलेली मुलगी असेल तर तिच्याकडे लक्ष आहे का, की सगळा वेळ ओळखीच्या मुलांबरोबर बेंच प्रेसपाशी. एकाच वेळी तीन पीटी क्लायंट फिरवतोय का. फोन किती वेळा बघतो.

मग तुमची पाळी. तुमच्यासारख्या गुडघ्याला मी पहिल्या दिवशी काय करते ते सांगते, प्रत्येकाने हेच करावं असं नाही पण याच्या जवळपास काहीतरी दिसायला हवं. मी एक बेंच घेते, त्यावर स्टेपर किंवा प्लेट ठेवून उंची साधारण २० इंच करते आणि सांगते की नुसतं बसा आणि उठा. हातात वजन नाही, काही नाही. पहिल्या तीन वेळा मी बाजूला उभी राहते, टाच उचलतेय का, बसताना शेवटच्या चार इंचात धपकन बसताय का ते बघते. मग समोर येते, तेव्हा दिसतं की उजवा गुडघा आत वळतोय का, आणि सगळं वजन डाव्या पायावर ढकललं जातंय का. दुखऱ्या पायाला वाचवण्याची ही सवय माणसाला स्वतःला कळत पण नाही. मग विचारते, कुठे जाणवतंय, बोट ठेवून दाखवा. मांडीत जाणवत असेल तर ठीक, ते तर हवंच आहे. वाटीच्या मागे टोचत असेल तर उंची अजून दोन इंच वाढवते, पाय थोडे पुढे घ्यायला सांगते, हाताने रॅक पकडायला देते, आणि परत. दहापैकी किती दुखतंय ते विचारते. दोनपर्यंत असेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसेल, तर आम्ही योग्य वाटेवर आहोत. चार-पाच म्हणालात तर ते बंद, त्या दिवशी पाठीवर झोपून ब्रिज म्हणजे कंबर वर उचलणं करू, बसल्या बसल्या केबल रो म्हणजे केबल ओढणं करू, वरचं अंग करू, तास वाया जात नाही.

आणि मग वही. माझ्या वहीत त्या दिवशीची ओळ अशी असते: बॉक्स २२ इंच, ८-८-६, उजवा गुडघा २, खाली येताना, तिसऱ्या सेटला आत वळला. बॉक्स म्हणजे ते बेंच, ८-८-६ म्हणजे तीन सेटमध्ये किती वेळा बसलात-उठलात, आणि २ म्हणजे दहापैकी दुखणं. पुढच्या वेळी तुम्ही आलात की आधी ती ओळ वाचायची आणि मग ठरवायचं. बाराव्या सेशनपर्यंत ती उंची १८ वर आली असेल, हातात ४ किलोचं डंबेल असेल, तर काम होतंय. कुणी मोबाईलमध्ये लिहितं, कुणी अ‍ॅपवर, माझं काही म्हणणं नाही, पण जो कुठेच लिहीत नाही तो दर वेळी अंदाजाने चालवतोय, आणि दुखऱ्या गुडघ्याला अंदाज परवडत नाही. ट्रायल संपल्यावर विचारा की आजचं तुम्ही कुठे नोंदवलं, दाखवा ना जरा.

याउलट ट्रायलमध्येच कुणी तुम्हाला घाम गाळायला लावून, बर्पी, उड्या, पायऱ्या, दम लागेपर्यंत पळवून, बघा कसलं वर्कआउट झालं असं म्हणत असेल तर ते फक्त दमवणं झालं. दमवायला फार ज्ञान लागत नाही. दुसऱ्या दिवशी अंग थोडं जड होणं ठीक आहे, दोन दिवसांत जातं, पण ठाणे स्टेशनचा ९-१० नंबरचा जिना रेलिंग धरून उतरावा लागला तर ते तुमच्या अंगाला जास्त झालं, आणि तुम्ही पुढचं सेशन चुकवणार हे नक्की.

हे सगळं करताना एक मर्यादा लक्षात असू द्या, गुडघा सुजणं, मध्येच अडकणं, अचानक दगा देणं, रात्री झोपेत दुखणं, यातलं काही सुरू झालं तर ते ट्रेनरचं काम नाही. परत ऑर्थोपेडिककडे किंवा फिजिओकडे. चांगला ट्रेनर स्वतःहून सांगेल की हे माझ्या हातातलं नाहीये. नुसता कट्कट् आवाज येतो आणि दुखत नाही, तर सहसा घाबरण्यासारखं काही नसतं.

सर्टिफिकेटबद्दल तुम्ही विचारलंय. आपल्याकडे ट्रेनर व्हायला लायसन्स लागतं असा कायदा नाही. फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात काउन्सिलकडे नोंदणी असते, ट्रेनरचं तसं काही नाही, टी-शर्टवर कोच छापलं की झाला कोच. म्हणून कागद बघायचाच. बाहेरच्या म्हणजे अमेरिकेतल्या संस्थांपैकी एस (ACE), एसीएसएम, एनएएसएम, एनएससीए या चार नावांना वजन आहे, त्यांची सर्टिफिकेट कायमची नसतात, दोन किंवा तीन वर्षांनी नवीन शिकल्याचे तास दाखवून रिन्यू करावी लागतात, आणि खरी आहेत का हे त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतं. आपल्याकडच्या काही अकॅडमी पण मेहनतीने शिकवतात. फ्रेममधली तारीख बघा, २०१४ ला पास होऊन पुढे काही वाचलेलंच नाही अशी माणसं आहेत. दोन दिवसांच्या वर्कशॉपचा कागद हा हजेरीचा कागद असतो. आणि एक, सीपीआरचं कार्ड. सहसा दोन वर्षांत एक्स्पायर होतं. बीपीच्या पेशंटने हे विचारायला लाजायचं कारण नाही, मी तर माझ्या क्लायंटला पहिल्याच दिवशी सांगते की काही झालं तर मी १०८ ला फोन लावायला कुणाला सांगणार आणि स्वतः काय करणार.

पण कागदावर पूर्ण भरोसा ठेवू नका, माझ्या ओळखीचा एक ट्रेनर आहे, मुंबई श्री या बॉडीबिल्डिंग स्पर्धेला उतरलेला, इंग्लिशमधलं एकही मोठं सर्टिफिकेट नाही, आणि ७१ वर्षांच्या आजींना तो जे प्रेमाने आणि बारकाईने शिकवतो ते बघून मी स्वतः दोन गोष्टी उचलल्यात. म्हणून मेडलवाल्या सरांना फक्त मेडलमुळे बाद करू नका. शरीर कमावलेल्या माणसाला शिस्त आणि संयम कळतो. प्रश्न एवढाच की स्वतःच्या शरीराला जे लागू पडलं ते सोडून तो तुमच्या शरीराकडे बघू शकतो का.

त्यांच्या त्या १२ किलोवाल्या वाक्यावर मात्र बोलायला हवं. २ महिन्यांत १२ किलो म्हणजे आठवड्याला साधारण १.४ किलो. सगळीकडे सुरक्षित मानतात तो वेग आठवड्याला अर्धा ते एक किलो, आणि चाळिशीच्या पुढच्या बाईत माझ्या अनुभवात तो अर्ध्याच्याच आसपास राहतो, कधी दोन आठवडे काट्यावर काही हलत पण नाही. उपाशी ठेवून १२ उतरतील, पण त्यात स्नायू पण जातील, आणि तुमच्या गुडघ्याला तर स्नायूच हवेत. शिवाय पाळीच्या बदलाचं वय आहे, तुम्ही झोप नीट होत नाही असं लिहिलंयच. अशात कमी खाणं आणि जास्त पळणं हे दोन्ही एकदम केलं की बाई चिडचिडी होते आणि दीड महिन्यात सगळं सोडते, मी हे इतक्या वेळा पाहिलंय. ट्रेनरला विचारा की वजन सोडून काय मोजणार. माझ्याकडे कमरेचा घेर, जिना, बॉक्सची उंची, आणि महिन्यातून एकदा सकाळचं बीपी. त्या हातात धरायच्या, अंगातली चरबी दाखवणाऱ्या बॉडी कंपोझिशन मशीनचा आकडा पाणी प्यायलं की बदलतो, त्यावर फार जाऊ नका.

डाएट चार्ट पीटीसोबत फ्री असं असेल तर तो फ्रीच राहू दे. प्रोटीन खा, तळलेलं कमी करा इतपत ट्रेनर सांगू शकतो. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशोबाने निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ७४ किलोला ६१ ग्रॅम, आणि आपल्या पोळी-भाजी-वरण-भाताच्या जेवणात ते मुद्दाम बघितल्याशिवाय होत नाही. पण बीपी असताना पूर्ण चार्ट हा आहारतज्ज्ञाचा विषय आहे. आणि ट्रेनरने पहिल्याच आठवड्यात व्हे प्रोटीन पावडरचा डबा त्याच्याकडूनच घ्यायला लावला तर समजून घ्या की त्यात त्याचं कमिशन असू शकतं.

इथपर्यंतचं थोडक्यात, काय विचारतो, कसं बघतो, कुठे लिहितो, आणि आपली हद्द ओळखतो का. आता पैसे.

२७ हजार भागिले ३६, म्हणजे सेशनला ७५०. हा दर वाईट नाहीये, पण तुमचा प्रश्न व्हॅलिडिटीचा आहे. ३ महिन्यांत ३६ म्हणजे आठवड्याला जवळपास तीन, एकही आठवडा न चुकवता. तुम्ही बँकेत आहात, मार्च एंडिंगला तुम्ही नऊ वाजता घरी येणार, पावसात ट्रान्सहार्बरची लोकल रखडली की तो दिवस गेला, घरात लग्नकार्य आलं, एखादा ताप आला. माझ्या अंदाजाने तुमचे ३६ पैकी २४-२५ होतील आणि बाकीचे जळतील, मग खरा दर हजाराच्या वर गेला. त्यामुळे १२ सेशनचं मागा, दर थोडा जास्त पडला तरी चालेल. ते म्हणतील असं पॅकेजच नाही, तर मॅनेजरशी बोला, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बोला, बहुतेक वेळा निघतं. फ्रीझ, म्हणजे पॅकेज मध्येच थांबवणं, किती दिवस, किती तास आधी कळवलं तर सेशन कापलं जात नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रेनर नोकरी सोडून गेला तर उरलेल्या पैशांचं काय, हे लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं तरी चालेल. या लाइनमध्ये ट्रेनर फार भराभर जिम बदलतात, तुम्ही माणूस बघून पैसे भरता आणि दीड महिन्यात तो दुसरीकडे. बिल घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, बिलात अजून १८ लावला असेल तर विचारा. पुढे भांडणाची वेळ आली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे बिल लागतंच.

आणि ट्रेनर किती दिवस हवा, तर माझ्याकडे तुमच्यासारख्या बाईला मी असं सांगते, पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा माझ्याबरोबर, तिसरा दिवस एकटीने तेच करायचं. नंतर आठवड्यातून एकदा. चार महिन्यांनी महिन्यातून एकदा या, मी व्यायाम बरोबर करताय का ते बघीन आणि पुढचं लिहून देईन. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा, तर ताकदीचे दोन दिवस जिम आणि बाकीचं चालणं, चालण्यासाठी ट्रेनरचे पैसे कशाला. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत. कोपरखैरण्यात तुमच्याकडे सकाळी चालायला निसर्ग उद्यान आहेच. ज्या ट्रेनरला तुम्ही कायम त्याच्यावर अवलंबून राहावं असं वाटतं तो तुम्हाला मशीनची पिन कुठे लावायची हे पण शिकवत नाही, स्वतःच लावून देतो. हे छोटं वाटतं पण बघा तुम्ही.

एक बोलायचं राहिलं, संकोच. व्यायाम शिकवताना हात लावावा लागतो, पाठ कुठे सरळ हवी, खांदा कुठे. आधी विचारून लावणं ही साधी पद्धत आहे आणि मी बाई असून पण विचारते. पुरुष ट्रेनर असेल तर काहीच हरकत नाही, माझे कितीतरी सहकारी उत्तम आहेत, पण न विचारता हात लावला, किंवा तुमच्या शरीरावर फ्लोअरवर सगळ्यांसमोर कमेंट केली, तर जमवून घ्यायचं नाही, त्याच दिवशी मॅनेजरला सांगायचं. आणि आज पाळी आहे, आज पोटात दुखतंय, आज रात्रभर घामाने झोप नाही, हे ज्याला सांगता येत नाही तो तुमच्या कामाचा नाही, मग त्याचं ज्ञान कितीही असू दे. कारण तुम्ही सांगणार नाही आणि तो प्लॅन बदलणार नाही, माझ्या त्या काकांचं झालं तसंच होईल.

तर तुमच्या दोघांबद्दल. लांबून बघून माझा कल त्या मुलीकडे आहे. २ वर्षं म्हणजे कमी अनुभव, ते खरं, पण तिने रिपोर्ट मागितले, आणि वजनाचा आकडा दिला नाही, या वयात टार्गेट डोक्यावर असताना आकडा न देणं सोपं नसतं हे मी स्वतः अनुभवलंय. तिला एक प्रश्न नक्की विचारा, तुला एखादी गोष्ट कळली नाही तर तू कुणाला विचारतेस. तिने एखाद्या सीनियरचं, फिजिओचं नाव घेतलं किंवा तुमच्या ऑर्थोपेडिकशी बोलू का असं म्हणाली तर तिचा कमी अनुभव मला चालेल. मला सगळं येतं म्हणाली तर नाही. सरांचीही एक ट्रायल घ्या, मनापासून सांगते, त्यांनी बॉक्स काढला आणि तुमच्या गुडघ्याकडे खाली वाकून बघितलं तर मी माझं मत बदलीन. घराजवळचं जिम आहे हा मोठा फायदा आहे, त्यामुळे दोघंही पटले नाहीत तरी जिम लगेच सोडू नका, तिथेच सकाळच्या बॅचला कोण आहे ते बघा.

ट्रायलला जाताना एक्सरे आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा, गोळीच्या पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, ऑफिसच्या चपला नकोत, बूट घाला, आणि चारनंतर काहीच खाल्लं नसेल तर लोकलमध्ये बसल्यावर एक केळं खा. दोन्ही ट्रायलमध्ये निदान तीन दिवसांचं अंतर ठेवा म्हणजे कुणामुळे काय दुखलं ते कळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ९-१० नंबरचा जिना उतरताना गुडघा दहापैकी किती होता तेवढं लिहून ठेवा आणि इथे सांगा, मी बघते. टेल्मिसार्टनबरोबर अजून दुसरी कुठली गोळी आहे का तेही सांगा, कधीकधी एकाच गोळीत दोन औषधं असतात आणि पाकिटावर नावापुढे ए किंवा एच लिहिलेलं असतं, ते एकदा बघून घ्या.